हंबीरराव ओळीतून खाली पडतात

सोमवारी सकाळी हंबीरराव खोत ओळीतून खाली पडले, आणि पाडणारा त्यांचाच जावई निघाला.

पडले म्हणजे ते स्वतः धडधाकट होते. दूध संस्थेच्या ऑफिसात खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होते. पडला तो त्यांचा फोटो. पण माणूस आणि माणसाचा फोटो यांत फरक असतो असं ज्याला वाटतं, त्यानं कोल्हापूर जिल्ह्यात सहकाराच्या वाटेला जाऊ नये. इथं चौकात वाढदिवसाचा फलक लागला की वाढदिवस कुणाचा हे लोक सवडीनं बघतात. आधी बघतात ते खालचे शुभेच्छुक. कोण कुणाच्या शेजारी बसलाय, कुणाचा फोटो बोटभर मोठा आहे, कुणाला कोपऱ्यात ढकललंय. पुढच्या निवडणुकीत कोण कुणाबरोबर जाणार हे तिथंच ठरलेलं असतं, मतदान नंतर उगाच रीत म्हणून होतं.

तर जावई. अतुल इंगवले. राजारामपुरीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्याचं वेबसाईटी करून द्यायचं दुकान होतं. तो त्याला स्टुडिओ म्हणायचा, त्याची बायको दीप्ती दुकान म्हणायची, आणि गाल धरून जिना चढणारे पेशंट त्याला दवाखाना समजून थेट आत येऊन तोंड उघडायचे. साल दोन हजार सहा. कोल्हापुरात वेबसाईट हवी असं वाटणारी माणसं फार नव्हती, त्यामुळे दिवसभराची मुख्य वर्दळ या दाढदुखीवाल्यांचीच. अतुल त्यांना अदबीनं खालचा मजला दाखवायचा आणि परत येऊन खुर्चीत ताठ बसायचा. ताठ बसण्यात त्यानं कधी कसूर केली नाही.

धवलगंगा सहकारी दूध संस्थेचं काम त्याला सासऱ्यांमुळे मिळालं. संस्था कोडोलीच्या अलीकडं. हंबीरराव तिथले संचालक. त्यांनी बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, "आपलं दूध आता जगात गेलं पायजे. आन् त्याला वेबसाईट लागती. माझं जावई करत्यात." वेबसाईटवरून दूध जगात कसं जाणार हे कुणी विचारलं नाही, आणि हंबीररावांनीही तेवढ्यावरच आटोपतं घेतलं.

चेअरमन गणपतरावांनी अट एकच घातली. पहिल्या पानावर सातही संचालकांचे फोटो, एका ओळीत. "वरखाली कोण न्हाई. आमची संस्था एकजुटीची हाय." ही एकजूट फार कष्टानं जमवलेली होती. संस्थेत दोन गट, एक गणपतरावांचा आणि एक बाळासोंचा. फोटोंचा क्रम ठरवायला जी बैठक झाली ती पशुखाद्याच्या टंचाईवरच्या बैठकीपेक्षा लांबली. शेवटी पहिले गणपतराव, मधोमध बाळासो, आणि अगदी शेवटी हंबीरराव असं ठरलं. हंबीरराव कुठल्याच गटात धड नव्हते. "शेवटी तर शेवटी," ते म्हणाले, "वळ तर एकच हाय की."

आणि नेमका तोच फोटो खाली पडला. सहा जण वर ताठ मानेनं ओळीत, आणि हंबीरराव खालच्या ओळीत डावीकडं, एकटे.

बाळासोंना तेवढं पुरलं. येत्या रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा होती. सभेत मोठ्या पडद्यावर वेबसाईट दाखवायची होती आणि त्याच सभेत पुढच्या निवडणुकीच्या पॅनेलची नावं जाहीर व्हायची होती. तासाभरात दूध घालायला आलेल्या प्रत्येकाच्या कानावर बाळासोंचं म्हणणं गेलं होतं: "हंबीरराव पॅनेलमधनं गेला. वेबसाईटवर बी खाली टाकलाय. आन् टाकला कुणी? जावयानं! घरच्या माणसाला आधी ठावं असतंय."

अतुलला फोन आला तसा तो स्कूटरला किक मारून निघाला. कोडोलीच्या रस्त्याला त्याची एकच समजूत पक्की होती, की चूक आपली असणं शक्य नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर सात फोटो सुतात ओवल्यासारखे दिसत होते. त्याचं काय झालं होतं, की त्या सुमाराला वेबसाईट बघायचा एक नवा ब्राउझर आला होता, आणि नवीन धर्म घेतलेल्या माणसाच्या निष्ठेनं अतुलनं त्याला वाहून घेतलं होतं. जुना ब्राउझर, तो निळ्या 'ई'च्या चित्राचा, त्यानं आपल्या पडद्यावरून हाकलून दिला होता. आणि संस्थेच्या ऑफिसात, जिल्ह्यातल्या यच्चयावत ऑफिसांसारखा, तो निळा ईच बसलेला होता.

"माझ्याकडं तर सरळ दिसतंय," अतुल म्हणाला.

"तुमच्याकडं?" गणपतरावांनी भुवई उचलली. "तुमच्याकडं येगळी संस्था हाय व्हय?"

"तसं नाही साहेब. वेबसाईट एकच, पण बघायचे ब्राउझर वेगवेगळे असतात. आपण स्टाईलशीट लिहितो, म्हणजे पानावर कुणी कुठं बसायचं, शेजाऱ्यापासून किती अंतर सोडायचं, याचे हुकूम. नवा ब्राउझर हुकूम नीट पाळतो. हा जुना ब्राउझर आपल्या मनानं अर्थ लावतो."

बाळासोंनी पुढं वाकून विचारलं, "ह्यो जुना ब्राउझर कुणाच्या गटाचा?"

"गटाचा नसतो तो. अमेरिकेतला आहे."

"मग अमेरिकेला हंबीररावाचं काय वावडं?"

हंबीररावांनी बशी खाली ठेवली, फेटा सारखा केला आणि "निगतो, धारेचा वकुत झाला," म्हणून उठले. सकाळचे अकरा वाजले होते, म्हैस असल्या वेळी दूध देत नाही. जाताना जावयाकडं बघितलंसुद्धा नाही. सासऱ्यानं शिव्या घातल्या असत्या तर अतुलला बरं वाटलं असतं.

घरी दीप्ती दारातच उभी होती. बातमी स्कूटरच्या आधी पोचली होती.

"आबांना खाली ठेवलंत म्हणे."

"ठेवलं नाही, पडले ते."

"मग उचला," दीप्ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि ते मागायची अतुलची छाती झाली नाही.

कोल्हापुरात माणसाची अडचण घरात राहत नाही, ती जिन्यावरून खाली जाते आणि सल्ले घेऊन वर येते. शेजारच्या शालूबाई संध्याकाळीच येऊन बसल्या. "भावजी, फोटो पडतोय म्हंजे खिळा तिरपा बसलाय. आमच्या सासऱ्यांचा असाच पडायचा. भिंतीत लाकडाची खुंटी मारली, आज सतरा वर्सं झाली, हलला न्हाई." वेबसाईटला भिंत नसते हे अतुलनं समजावलं. "मग टांगलाय कशाला?" शालूबाई म्हणाल्या, आणि हा प्रश्न वाटतो तितका अडाणी नव्हता.

खालच्या दंतवैद्यांनी शास्त्रीय सल्ला दिला. "एक दात ओळीबाहेर येतो म्हणजे जबड्यात जागा कमी आहे. सरळ शेजारचा एक काढून टाका. बाकीचे आपोआप ओळीत येतात."

"कुणाला काढू?" अतुल म्हणाला. "तुम्ही नाव सांगा, मी काढतो." डॉक्टरांचे तीन संचालक पेशंट होते. त्यांनी नाव सांगितलं नाही.

मग अतुलनं स्वतःचं डोकं चालवलं आणि खरी वाट तिथून लागली. त्यानं निळ्या ईला मानानं परत बोलावून पडद्यावर बसवलं, आणि सगळेच फोटो थोडे लहान केले. सात जण ओळीत मावले. चहाला खाली उतरेपर्यंत गणपतरावांचा फोन. "इंगवले, आमी काय वाळलो व्हय? रेशनकार्डावर यापेक्षा मोठा फोटो असतोय. माझी मिशी दिसंना झाली!" मिशीपुढं तंत्रज्ञान काय करणार. फोटो परत मोठे झाले, आणि हंबीरराव परत खाली.

दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, दोष हंबीररावांच्या फोटोतच असेल. खात्री करायला त्यानं त्यांना दुसऱ्या नंबरावर घेतलं आणि बाळासोंना शेवटी नेलं. हंबीरराव झकास बसले, आणि बाळासो धाडकन खाली. म्हणजे फोटो कुणाचा याला काही किंमत नव्हती. शेवटी जो बसेल तो पडत होता. या शोधानं अतुल इतका खूष झाला, की हा प्रयोग आपण चालू वेबसाईटवर केलाय, अख्ख्या जगाला दिसतोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. जगानं बघितलं नसेल, पण बाळासोंनी बघितलं. ते जीप घेऊन राजारामपुरीत आले, तडातडा जिना चढले आणि रागाच्या भरात चुकीच्या दारात शिरले. तिथं त्यांना खुर्चीत बसवून, मान मागं टाकून, तोंडावर दिवा लावण्यात आला. वर येईपर्यंत त्यांचा राग दुप्पट झाला होता आणि एक दाढ किडल्याचंही त्यांना कळलं होतं.

"सासऱ्याला वर घ्यायला मला पाडतोस व्हय रं?" ते दारातूनच गरजले. "सभेत सांगतो! समद्यांच्या म्होरं सांगतो!"

अतुलनं त्यांच्यादेखत क्रम होता तसा केला. बाळासो मधोमध बसले. हंबीरराव पुन्हा खाली. बाळासोंनी खात्री करून घेतली, गालावर हात ठेवला आणि समाधानानं गेले.

आता मात्र अतुलचा मान पार मातीत गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, पाटी उतरवावी आणि कुठंतरी टायपिंगच्या क्लासात चिकटावं. निदान तिथं अक्षरं छापली की कागदावरून पडत नाहीत.

आणि शुक्रवारी दुपारी हंबीरराव स्वतः आले.

डोकं उघडं. अतुलनं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत सासऱ्यांना फेट्याशिवाय पाहिलं नव्हतं. अंगणात, शेतात, दवाखान्यात, कायम फेटा. आता टक्कल घामानं चमकत होतं आणि ते दारात अवघडून उभे होते. खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत. खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ह्यो नवा फोटो. स्टुडिओत जाऊन काढला," ते खाली बघत म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाई, जावईबापू. पर राच्च्याला इचार केला, फोटोत फेटा लई मोठा हाय. त्येचं वजन पडत असंल तर... ह्यात फेटा न्हाई. ह्यो लावून बगा."

अतुलला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ज्या माणसानं पोरीच्या लग्नातसुद्धा व्याह्यापुढं मान तुकवली नाही, तो जावयाचं काम वाया जाऊ नये म्हणून फेटा उतरवून आला होता. रागावला नव्हता तो त्या दिवशी ऑफिसात. लाजला होता. चारचौघांत शब्द टाकून जावयाला काम मिळवून दिलं आणि ते अंगाशी आलं म्हणून.

"मामा," अतुल म्हणाला, "फेट्याचं काही नाही. फेटा घाला आधी तुम्ही. फेट्यासकट वर आणतो तुम्हाला, नाहीतर हे दुकान बंद करतो."

"दुकान कशापायी बंद करताय," हंबीरराव म्हणाले. "चांगलं हाय की. हवा बी येती."

ते गेल्यावर अतुल ठाण मांडून बसला. प्रत्येक फोटोमागं त्यानं वेगळा रंग भरला, म्हणजे कोण किती जागा खातंय ते उघड दिसावं. या वेळी चालू वेबसाईटवर नव्हे, आपल्या कॉम्प्युटरवर, एवढं शहाणपण आलं होतं. मग एकीकडं नवा ब्राउझर आणि दुसरीकडं निळा ई, असे शेजारी ठेवून तो बघत राहिला. सहा जणांची जागा दोन्हीकडं सारखीच. मग पहिल्याकडं बघितलं आणि तो खुर्चीतून उठलाच.

हुकूम सगळ्यांना एकच होता, की डावीकडं एवढी जागा सोडून उभं राहा. सगळे तेवढीच सोडत होते. पण निळ्या ईमध्ये जो पहिला, कडेला भिंतीशी उभा, तो डावीकडं बरोबर दुप्पट जागा अडवून बसला होता. त्या एकाच्या हातपाय पसरण्यानं अख्खी ओळ उजवीकडं सरकत होती आणि शेवटच्याला पाय टेकायला जागा उरत नव्हती. पहिला म्हणजे कोण? चेअरमन गणपतराव!

अतुलनं दीप्तीला फोन केला. हे जगात दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

"पहिला दुप्पट जागा घेतो, म्हणून शेवटचा पडतो," तो कुजबुजला.

"मग यात नवीन काय?" दीप्ती म्हणाली. "संस्थेत पहिल्यापासून तेच चालतं म्हणून आबा सांगतात. तुम्हाला शोधायला पाच दिवस लागले होय?"

रोग सापडला, आता औषध. ते परदेशातल्या एका चर्चेच्या पानावर मिळालं, आणि ते वाचून अतुलनं कपाळावर हात मारला. दोन शब्दांची एक ओळ. फोटोला आधीच रांगेत उभं केलेलं असताना पुन्हा एकदा सांगायचं, की बाबा रे, ओळीत राहा. पुस्तकाच्या हिशोबानं या ओळीला काडीचा अर्थ नाही, शहाणा ब्राउझर तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. पण या एका निळ्या महाशयांना असं दरडावलं, की ते मुकाट जास्तीची जागा सोडून देतात. का सोडतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अतुलनं ओळ घातली, निळा ई उघडला, आणि हंबीरराव, फेट्यासकट, वरच्या ओळीत शेवटच्या जागी हजर! नव्यात बघितलं, तिथंही हजर. अतुलनं मागचे रंग काढले, पान चालू वेबसाईटवर चढवलं आणि आरोळी ठोकली. खाली दवाखान्यात एका पेशंटनं घाबरून तोंड मिटलं आणि डॉक्टरांचं बोट चावलं.

रविवारी सभेला मांडव खच्चून भरला होता. पुढं सतरंज्यांवर दूध उत्पादक, कडेला बायका, व्यासपीठावर सात संचालक आणि त्यांच्या मागं भला मोठा पडदा. अतुल पहिल्या रांगेत नव्या शर्टात बसला होता, शेजारी दीप्ती आणि सासूबाई झुंबरबाई. अहवालवाचन झालं, वर्षाअखेरीला मिळणाऱ्या दूधफरकाच्या दरावर आरडाओरडा झाला, आणि सेक्रेटरींनी ऑफिसातनं आणलेला कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर पान उमटलं.

सहा वर. हंबीरराव खाली.

मांडवात मागून कुणीतरी ओरडलं, "पडला रं पडला!" बाळासोंची माणसं शिट्ट्या मारायला लागली. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. व्यासपीठावर हंबीरराव दगडासारखे बसले होते, नजर समोरच्या खांबावर. दीप्ती नवऱ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आता राग नव्हता, भीती होती.

पण सोमवारपासून अतुलनं एवढा मार खाल्ला होता, की या निळ्या ईच्या खोड्या त्याला आता पाठ होत्या. कॉम्प्युटरनं जुनं पान पोटात दाबून ठेवलंय आणि तेच पुन्हा दाखवतोय! तो उठला आणि तडक व्यासपीठावर गेला. गणपतरावांनी माईक त्याच्या तोंडापुढं धरला. "सांगा वो पावणं. समद्या सभासदांना सांगा. कुणामुळं पडत्यात हंबीरराव?"

विचार करायला वेळ असता तर अतुलनं काहीतरी गुळमुळीत सांगितलं असतं. वेळ नव्हता.

"पहिल्यानं दुप्पट जागा घेतली," तो माईकवर म्हणाला, "म्हणून शेवटचा पडला."

कोपऱ्यात एका म्हाताऱ्याला आधी खोकला आला, मग कळलं की तो हसतोय. आणि मग सगळा मांडव फुटला. माणसं मांड्यांवर थापा मारायला लागली, बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. "बोला की! खरं हाय! ईस वर्सं हेच चाललंय!" गणपतरावांचा चेहरा लाल, पांढरा, मग परत लाल झाला. अतुलनं आता आपण मेलो असं समजून घेतलं, खाली वाकला आणि पान नव्यानं मागवणारी कॉम्प्युटरची दोन बटणं एकदम दाबली.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग वरून एकेक फोटो भरत आला. गणपतराव. दुसरे. तिसरे. बाळासो. पाचवे. सहावे. शेवटच्या जागेवर आधी नुसतीच रिकामी चौकट, आणि मग तिच्यात हळूहळू, वरून खाली, आधी फेट्याचा तुरा, मग फेटा, मग कपाळ, मग मिशा. हंबीरराव खोत वर आले!

अशी आरोळी कुस्तीच्या मैदानात उठते. टॉवेल उडाले, टोप्या उडाल्या. "नाद खुळा!" मागून कुणीतरी बोंबललं. "पुन्यांदा दावा! पुन्यांदा!" अतुलनं बटणं पुन्हा दाबली, हंबीरराव पुन्हा आले, आणि पुन्हा तेवढीच आरोळी. खरे हंबीरराव खुर्चीतून उठून हात जोडून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. झुंबरबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमचं जावई. आमच्या दीप्तीचं मालक." शेजारीण त्यांची सख्खी जाऊ होती, तिला ते ठाऊक होतं, तरी दोनदा सांगितलं.

गणपतराव उगाच वीस वर्षं चेअरमन नव्हते. त्यांनी अतुलच्या हातातून माईक घेतला आणि आवाज चढवला. "सभासद बंधूंनो! मी माझी जागा सोडली, म्हणून हंबीरराव वर आले! संस्थेसाठी त्याग करायला लागतोय! पॅनेलचं पयलं नाव जाहीर करतो, हंबीरराव खोत!" त्यालाही टाळ्या पडल्या. बाळासोंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. वारं कुठलं वाहतंय ते त्यांनाही कळत होतं.

सभा संपल्यावर मसालेदूध वाटत होते तेव्हा गणपतरावांनी अतुलला मांडवाच्या मागं गाठलं. इकडं तिकडं बघून त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि चेअरमनच्या तोंडी कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "जावईबापू, एक काम हुतं. निवडणुकीच्या सभेला मला पाडायचं. पार तळाला. मग समद्यांच्या म्होरं वर घ्यायचं."

अतुल काही बोलणार तोच मागून आवाज आला.

"गणपतराव," हंबीरराव म्हणाले. फेटा डोक्यावर घट्ट बसला होता आणि छाती पुढं आली होती. त्यांनी चेअरमनचा हात जावयाच्या खांद्यावरून उचलला आणि तिथं आपला ठेवला. "माझं जावई हायती हे. कुणाला पाडायचं न् कुणाला वर घ्यायचं, आधी मला इचारायचं."